कोर्ट उठेपर्यंत

"त्याआधी?"

पक्षकार हकिगत सांगू लागला की आमच्या वकीलसाहेबांचा हा प्रश्न ठरलेला. चोरी केलीस, बरं, त्याआधी? भांडण झालं होतं, त्याआधी? असं मागे मागे नेत ते त्याला त्याच्या आजोबांपर्यंत पोचवत. ठाण्याच्या कोर्टात मी त्यांचा ज्युनियर होतो. मला जाम कंटाळा यायचा. तुम्हालाही आला असता.

बाररूममध्ये चहा आला की पुन्हा तेच पुराण. "अहो, दुष्काळ पडला तेव्हा दरोडे वाढले. गोऱ्या साहेबाने मिठावर कर बसवला, तर मिठागरात राबणाराच मूठभर मिठासाठी चोर ठरला!" तसं मीठ उचलून ते स्वतः तुरुंगात जाऊन आलेले होते, अंगावरची खादी तेव्हापासूनची. कुणीतरी मुद्दाम काडी टाकायचं, "आणि दारूबंदी, साहेब?"

"ती वेगळी. ती आपली आहे." स्वराज्यात हा कायदा यावा म्हणून, आणि आल्यावरही, दारूबंदीच्या सभांत ते घसा बसेपर्यंत बोलत.

अशात जवळच्या कोलशेत गावची एक धवलारीण पकडली गेली. आगरी लग्नात धवले, म्हणजे लग्नाची गाणी, गाऊन विधी करणारी ही म्हातारी. तिच्याशिवाय हळद लागत नाही. एका मांडवात देवापुढे शिंपडायला ठेवलेली तिची दारूची बाटली पोलिसांनी धरली. खटल्याची तारीख पडली ती नेमकी तिच्या नातीच्या हळदीच्या दिवशी.

"सोडवा वो साहेब. दुपारची हलद हाय पोरीची. मी नाय गेली तं कोन लावंल?"

मी म्हटलं, "आजी, मांडवात गर्दी होती. बाटली माझी नाही म्हणा, लगेच सुटाल."

"देवाला दाखवलेली बाटली माजी नाय असा कसा सांगू? देव काय म्हनंल?"

मी साहेबांकडे पाहिलं. त्यांनी तिला काहीच समजावलं नाही. उठले आणि कोर्टाला सरळ सांगून टाकलं, की बाटली हिचीच, आणि हा रिवाज हिच्या पणजीच्याही आधीचा. मॅजिस्ट्रेटनी शिक्षा दिली कोर्ट उठेपर्यंत कैदेची. म्हणजे संध्याकाळी कामकाज संपेपर्यंत तिने तिथेच बसून राहायचं.

आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. म्हातारी मात्र रडायला लागली. दुपार तर कोर्टातच जाणार होती.

साहेबांनी बाकीची कामं माझ्या गळ्यात टाकली, काळा कोट काढला आणि तिच्या शेजारी बाकावर जाऊन बसले. मधल्या सुट्टीत मी जेवायला बोलवायला गेलो.

"मी आत होतो तेव्हा कायदा परक्याचा होता," ते हळूच म्हणाले. "हिला बसवलंय ते मी मागून घेतलेल्या कायद्याने. कसा उठू रे?"



कोर्ट उठलं तसा त्यांनी टांगा बोलावला, तिला बसवलं आणि स्वतःही चढले. कोलशेतला पोरगी तशीच पाटावर बसून होती. आजीशिवाय कुणाला हळदीला हात लावू देईना. दिवेलागणीला तिला हळद लागली.

त्यानंतर साहेब सभांना जात, पण मागे बसत. बोलायचा आग्रह झाला की हात जोडत.

त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. फार आठवण येते. तेव्हा दिसतो तो कोर्टाच्या फाटकातून निघालेला टांगा. उशीर झाला म्हणून म्हातारीने रस्त्यातच मोठ्याने धवला धरलाय, आणि शेजारी आमचे साहेब, टोपी मांडीवर काढून ठेवून, मान खाली घालून ऐकतायत.