न आलेला भाचा

मला भाचा नाही. गेली दोन वर्षं आमच्या सकाळच्या मंडळीत त्याची चौकशी होते, त्याच्या नोकरीची, तब्येतीची, लग्नाचीसुद्धा. पण तो नाहीच. माझ्या बहिणीला दोन मुली आहेत. हा भाचा मला का लागला, ते मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. ती तशी काही विचारत नाही, नुसती बघते, आणि ते जास्त जड जातं.

आमची मंडळी म्हणजे लेआउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, बागेत फिरणारे चौघं. एक निवृत्त मुख्याध्यापिका बाई, एक बँकेतून सुटलेले साहेब, वीजखात्यातले जुने लाइनमन भाऊ, आणि मी, सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, अजून नोकरीत. रविवारी फेऱ्या झाल्या की फाटकासमोरच्या ठेल्यावर तर्री-पोहे. तिथला आमचा एक रिवाज आहे. दर रविवारी एकाचं राज्य. त्याने आपल्या मनातला आदर्श समाज मांडायचा, आणि त्याच्या प्लेटमधले पोहे संपेपर्यंत कोणी मध्ये तोंड घालायचं नाही. पोहे संपले की राज्य गेलं. त्यामुळे आमचे राज्यकर्ते फार सावकाश खातात. साहेब तर तर्रीतले शेवटचे चार चणे दहा मिनिटं पुरवतात.

साहेबांच्या राज्यात हॉर्न नाही. बाईंच्या राज्यात पुरुषांनी पोळी लाटून दाखवायची, ती गोल आली तरच मतदान. हे ऐकताना साहेब बाईंच्या प्लेटकडे बघत तळमळत होते, आणि बाई एकेक पोहा मोजल्यासारखा उचलत होत्या. लाइनमन भाऊ मात्र पाळी आली की टाळायचे. "मले कशाले राज्य? लाइट गेली की लोकं मलेच राजा समजत होते. तेवढं पुरे."

माझी पाळी आली तेव्हा मी तयारीने गेलो होतो. म्हणालो, माझ्या राज्यात आडनाव नाही. कोणी कोणाला पूर्ण नाव विचारणार नाही. शाळेत नाही, कचेरीत नाही, खोली भाड्याने देताना नाही. हे शेवटचं मी बोलता बोलता जोडलं, वाक्याला बरं वजन येतं म्हणून. बाईंनी चष्मा पुसला. साहेबांनी माझ्यासाठी दुसरी प्लेट सांगितली, म्हणजे राज्य वाढवून दिलं. लाइनमन भाऊ बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "बोलले बाकी चांगलं, भाऊ." ते सहसा कोणाची तारीफ करत नाहीत. मी तो आख्खा दिवस घरात जरा हळू आवाजात बोललो, मोठी माणसं बोलतात तसा.

पुढच्या शनिवारी दुपारी एक मुलगी हातात हेल्मेट घेऊन आली. आमची वरची खोली रिकामी होती, फाटकाला तसा बोर्ड होता. बुटीबोरीच्या एका कारखान्यात मालाची तपासणी करण्याचं काम, कंपनीची बस आमच्याच चौकातून जाते म्हणाली. खोली बघितली, कूलरला पाणी कुठून घ्यायचं ते विचारलं, गच्चीवर कपडे वाळत टाकलेले चालतील का विचारलं. बायकोला ती आवडली. "हिच्या हाताला वळण दिसतं," असं तिने मला स्वयंपाकघरात येऊन सांगितलंसुद्धा. मी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं आणि विचारलं, "पूर्ण नाव?"

तिने सांगितलं. आडनावावरून मी तिची जात ओळखली. त्याला काही वेळ लागला नाही. लहानपणापासूनची सवय, त्यात तीस वर्षं अर्ज लावतो आहे. आणि माझ्या तोंडून निघालं, "अरे हो, खोली तर गेली की. माझा भाचा येतोय."

शेजाऱ्यांचा विचार केला, आईच्या देवघराचा विचार केला, असं लिहायला मला आवडलं असतं. मी काही विचार केलाच नाही. तो माझ्या आधीच कोणीतरी करून ठेवलेला होता, आणि मी तो वापरला.

मुलीने माझ्या हातातल्या उघड्या पेनाकडे पाहिलं. "बरं, काका," ती म्हणाली. फाटकापाशी थांबून मागे वळली. "मग हा बोर्ड काढून टाका. लोकांची चक्कर वाचंल."

"कोणता भाचा?" बायको म्हणाली.

"आहे एक."

ती बघत राहिली. मी बोर्ड काढायला गेलो.

दुसऱ्या दिवशी ठेल्यावर लाइनमन भाऊंनी विचारलं, "खोली गेली काय तुमची? बोर्ड नाही दिसून राहिला."

"हो. भाचा येतोय. सावनेरहून."

इथून तो वाढायला लागला. दर रविवारी पहिला प्रश्न भाऊंचा, "भाचा आला काय, भाऊ?" पुढच्या महिन्यात येतोय, मी म्हणायचो. मग त्याला कावीळ झाली. मग परीक्षा आली. मग कोळसा खाणीत मुलाखत. साहेबांनी त्याच्यासाठी बँकेच्या परीक्षेची पुस्तकं आणून दिली, ती माझ्या कपाटात आहेत. बाईंनी स्थळ आणलं. "मुलगी रामटेकची आहे, घर चांगलं आहे. पत्रिका तेवढी पाठवा." नसलेल्या माणसाची जन्मवेळ कुठून आणायची? मी म्हणालो, त्याला आधी स्थिरस्थावर व्हायचंय.

"फार विचारी आहे हो तुमचा भाचा," साहेब म्हणाले. "मामावर गेला."

"हो ना," लाइनमन भाऊ पोह्यांवर तर्री ओतत म्हणाले. "अगदी त्यांच्यावरच गेला."

खोली तेव्हापासून बंद. कोणाला द्यावी, तर भाच्याचं काय झालं हे सांगावं लागेल. बायको तिथे सांडगी मिरच्या वाळवते. कोणी खोलीबद्दल विचारलं तर गंभीर चेहऱ्याने म्हणते, "भाचा येईपर्यंत मिरच्या राहतात."

तीन आठवड्यांपूर्वी लाइनमन भाऊंनी आपण होऊन प्लेट पुढे घेतली. "आज माझं राज्य," म्हणाले. आम्ही चकित झालो.

"माझ्या राज्यात आडनावं राहतीन," ते म्हणाले. "पुसायचं असंल तं पुसा. पण एखाद्याले काही द्यायचं नसंल, तं तोंडावर नाही म्हणा. काहून नाही, तेही सांगा. मंग त्याले समजते आपण कुठं उभे आहो. बस." चार घासांत त्यांनी पोहे संपवले.

"एवढंच?" साहेब म्हणाले. "अहो, राज्य मिळालं होतं, पोहे तरी सावकाश खायचे."

सगळे हसले. मीही हसलो, इतरांपेक्षा जरा जास्त वेळ.

परतताना आमचा रस्ता एकच. कोपऱ्यावर मी म्हणालो, "भाऊ, मला भाचा नाही."

ते चालतच राहिले. "माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्याच दिवशी. ते पोरगी माझी भाची व्हय, बहिणीची. तुमचं राज्य ऐकलं न मी, घरी जाऊन तिले म्हटलं, जाय, माणूस चांगला आहे. पण माझं नाव नको सांगू. सोबत पोहे खातो आम्ही, भिडेपोटी हो म्हणतीन."

भाऊंचं आडनाव, आणि त्यावरून जात, मला बारा वर्षांपासून ठाऊक होती. ठेल्यावर त्याने कधी काही अडलं नाही. ठेला माझ्या घरात नव्हता.

"मग दोन वर्षं दर रविवारी विचारत का होतात?"

"म्हटलं, एखाद दिवस तरी भाचा नाही म्हणान." ते जरा हसले. "तुम्ही तं त्याले कावीळ करून टाकली."

मी सुरुवात केली, "त्या दिवशी मी तिला पूर्ण नाव विचारलं, आणि..."

त्यांनी हात वर केला. खांबावर चढण्याआधी खालच्याला लाइन बंद करायला सांगताना करत असतील तसा. "हे मले नका सांगू, भाऊ. मले सांगितलं की तुमचं मन मोकळं होऊन जाईन, आन ते तिकडं तशीच राहीन. तिले सांगा."

नंबर त्यांनीच दिला. ती आता बुटीबोरीतच दोन मैत्रिणींबरोबर राहते. नंबर माझ्या फोनमध्ये तीन आठवडे आहे. रविवारी भाऊ आता काही विचारत नाहीत. प्लेट हातात देतात आणि वाट बघतात.

मला तिच्यासमोर उभं राहून सांगायचं आहे की खोली रिकामी होती, तुमचं आडनाव ऐकून मी नाही म्हणालो, आणि चूक सगळी माझी होती. एवढं मी तिचं देणं लागतो. ते मी अजून दिलेलं नाही.