न हललेला काळवीट

हे मी आजवर कुणाला बोललो नाही. बायकोलाही नाही. तिला वाटतं, मला ताक सोसत नाही. वाटू दे. तुला सांगतो, पण मध्ये अडवू नकोस. थांबलो तर पुन्हा तोंड उघडणार नाही.

कापसाच्या तेजीची ती वर्षं. अकोल्यात ज्याला त्याला स्वतःची कॅमेऱ्यातली तसबीर हवी होती. शेटजींच्या मानेमागे मी टेकू लावायचो, श्वास धरा म्हणायचो. काचेवरचं औषध ओलं असेतोवरच काम उरकायचं, आणि तेवढा वेळ समोरच्याने हलायचं नाही. हलला की चेहरा पुसला गेलाच! मग एका साहेबाने मागितली रानातल्या काळविटाची तसबीर — जिवंत, उभ्या नराची. शिंगांचे पीळ, डोळ्याभोवतीचं पांढरं कडं, काळी पाठ संपून पांढरं पोट सुरू होतं ती रेघ, सगळं स्वच्छ दिसायला हवं. होईल, म्हणालो. का म्हणालो? अमरावतीचा तसबीरवाला नाही म्हणाला होता — एवढंच!

रानात काय मिळणार? लोकांनी कुरणंसुद्धा नांगरून कापूस पेरलेला. उरलेले कळप, काचा तयार करायचा माझा काळा तंबू दिसला की चौखूर उधळायचे. काचेवर नुसतं धुरकट गवत.

मोर्णा नदीकाठी भाजीपाला करणाऱ्या चंद्रभागा माळणीकडे मात्र एक होता. नांगरटीत सापडलेलं पाडस तिने शेळीच्या दुधावर वाढवलं होतं. बाळ्या. तिच्या हाकेला धावत यायचा. एका दिवसासाठी म्हणून मी त्याला मागून नेलं.

पण तो कुठला उभा राहतो! कान हलव, खूर आपट. ऊन कलायला लागलं, माझं डोकं फिरलं. मी — आता आलंच ते — मी त्याला गुळातून अफू चारली. थोडी. मग आणखी थोडी. तो बसला. मान टाकली. उठलाच नाही.

आणि मी काय केलं? रडलो? गवताआड बाभळीची लाकडं रोवून त्याला उभा केला, शिंगं फांदीला बांधली, आणि तसबीर घेतली. इतकी स्वच्छ मला पुन्हा कधी साधली नाही. इतका स्थिर कसा ठेवलात, सगळे विचारायचे. मी हसायचो. हसायचो रे!

चंद्रभागेला सांगितलं, दोर तोडून कळपात गेला.

त्यानंतर ती संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर, बांधावर उभी राहून हाका मारायची. शिकारी दिसले की हात जोडायची, "डाव्या कानाले चीर हाये त्याच्या. त्याले मारू नका जी."

खरं सांगायला तिच्या मळ्यात गेलो होतो — एकदा, खरंच गेलो होतो. मी तोंड उघडायच्या आत तीच म्हणाली, "तुमी नेलं म्हून थो सुटला जी. माह्यानं त त्याले सोडवलंच नसतं." आणि ताकाचा गडवा पुढे केला.

मी तो प्यायलो. ताक गार होतं, म्हणून आणखी मागून घेतलं.