वरच्या बांधीचं पाणी

भंडाऱ्याच्या आमच्या बाररूममध्ये अपिलाचे मुद्दे लिहायची एक रीत आहे. जुनं अपील काढायचं, नावं बदलायची आणि ‘खालच्या कोर्टाचा निकाल कायद्याला धरून नाही’ हेच वीस तऱ्हांनी सांगायचं. मला या रीतीचा भयंकर राग आहे. अपील म्हणजे काय श्राद्धाचे मंत्र आहेत, नाव-गोत्र बदललं की झालं?

पवनीकडची एक शेतकरी बाई माझ्याकडे आली ती खालच्या कोर्टात हरून. आमच्याकडे बांधी म्हणजे धुऱ्याने, म्हणजे मातीच्या बांधाने, वेढलेला धानाचा तुकडा. तलावाचं पाणी वरच्या बांधीतून खालच्या बांधीत उतरतं. वरच्याने धुरा फोडून खालच्याला पाणी द्यायचं, ही पिढ्यांची चाल. ती कुणी लिहून ठेवत नाही. हिच्या वरच्या शेजाऱ्याने धुऱ्यातली पाण्याची वाट बुजवून टाकली, आणि कोर्टाने हिलाच विचारलं, हक्काचा कागद कुठे आहे? तेव्हापासून तिची बांधी पडीत होती.

बाररूममधले एक ज्येष्ठ वकील हसले. "मॅडम, एवढुशा पाण्यासाठी काहून डोकं तापवून राहिल्या? समझोता करून टाका."

समझोता म्हणजे तिने गप्प बसायचं. मी बसणार नव्हते आणि तिलाही बसू देणार नव्हते.

खालच्या कोर्टातल्या उलटतपासणीत शेजारी स्वतःच बोलून गेला होता, की त्याच्या बांधीतही पाणी त्याच्या वरच्या बांधीतूनच येतं. मी तेवढा एकच मुद्दा लिहिला. टायपिस्टने विचारलं, "बाकीचे मुद्दे?"

"एवढाच. करा टाइप."

सुनावणीत समोरच्या वकिलांनी पुन्हा कागदाचंच तुणतुणं वाजवलं. माझी पाळी आली तेव्हा माझा आवाज चढलाच. "साहेब, यांच्या अशिलालाही वरून पाणी येतं. आधी त्याचा कागद यांनी दाखवावा!" न्यायाधीशांनी त्यांच्याकडे पाहिलं. वकील घाईघाईने फाइल चाळू लागले; तसा कागद त्यात नव्हता.

अपील मंजूर झालं, धुरा मोकळा करायचा हुकूम निघाला. रोवणीला, धानाची रोपं बांधीत लावायला, थोडेच दिवस उरले होते. व्हरांड्यात शेजारी तिच्यावर ओरडला, "मी नागपूरले जातो, हायकोर्टात!"

मी तोंड उघडणार, तोच तिने पदर खोचला.

"जाय ना," ती म्हणाली. "तवरीक माहा रोवणा होऊन जाते."