रशियन बोल की जरा
रांजणगावला कामाला जाताना कंपनीच्या बसचं दार फुस्स करून लागलं की मला आमच्या गावातला, वडगाव रासाईतला माझा सत्कार आठवतो. रशियात डॉक्टरकीचं पहिलं वर्ष संपवून मी सुट्टीला आले होते. ती भाषा काही केल्या डोक्यात शिरत नव्हती. शिक्षण सोडते, असं वडलांना त्याच दिवशी सांगणार होते. तर त्यांनी देवळापुढं गाव जमवलेलं. शाल-नारळ देऊन एक म्हातारे आबा म्हणाले, "पोरी, रशियन बोल की जरा." रशियातल्या मेट्रोत रोज कानावर पडणारं एकच वाक्य मला तोंडपाठ होतं, तेच म्हणून टाकलं. टाळ्या पडल्या, वडलांचे डोळे भरून आले. "म्हंजी काय गं?" आबांनी विचारलं. "सगळ्यांचं भलं होवो," मी म्हणाले. पुढची पाच वर्षं तिथंच काढली, पण खरा अर्थ वडलांना अजून सांगितलेला नाही: सावधान, दारं बंद होत आहेत.