घोडपदेवच्या वळणावर आई

दिवाळी पाडव्याच्या सकाळी आमच्या भागातलं एक मंडळ दौड ठेवतं. काळाचौकीच्या मैदानातून निघायचं, लालबागवरून परळच्या नाक्यापर्यंत जायचं, पुलाखालून मागे वळून चिंचपोकळी, घोडपदेव करत परत मैदानात. पाच किलोमीटर. मला धावण्याची हौस कधीच नव्हती. बँकेत दिवसभर खुर्चीत, राहायला ठाण्यात, चाळिशी ओलांडून बरीच वर्षं झालेली. पण माझी मैत्रीण सतत मागे लागली होती. आमच्या चाळीत आई राहते त्या खोलीपासून तिसरं दार तिचं. लहानपणापासून आम्ही एकत्र. मी लग्न करून गेले, ती लग्नानंतरही तिथेच राहिली, पालिकेच्या शाळेत पीटी शिकवते.

"या वर्षी येच," ती म्हणाली. "आपल्याच गल्ल्यांतून धावायचंय, लाज कसली?"

मी आदल्या दिवशी मुक्कामाला आले. बाबांना जाऊन चार वर्षं झालीत, तेव्हापासून आई एकटीच असते. वय अडुसष्ट, बीपीची गोळी, गुडघे दुखतात. निदान मला तरी तेवढंच माहीत होतं. मी दर रविवारी येऊन तिच्या गोळ्या डबीत लावून ठेवायचे. मोरीत धरायला दांडा बसवून घेतला होता. वरच्या फळीवरचे डबे खाली आणले होते, स्टूल शेजारी देऊन टाकलं होतं. वाण्याला फोन करून सामान घरी पोचवायची व्यवस्था केली होती. सगळं नीट लावून दिलंय, असं मला वाटायचं.

पाडव्याला सकाळी सहाला मैत्रिणीने दार वाजवलं. आई डोक्यापर्यंत चादर घेऊन भिंतीकडे तोंड करून झोपली होती.

"आई, आम्ही निघालो. कंदिलाचा बल्ब गेलाय, तो मी आल्यावर बदलते. तू चढू नकोस कशावर."

"दार ओढून घ्या," चादरीतून आवाज आला. "मी पडतंय जरा."

उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून मी निघाले.

पहिला किलोमीटर बरा गेला. रस्त्यावर फटाक्यांचा लाल कागद पसरलेला, हवेत दारूचा वास अजून होता. चाळींच्या तोंडाशी मोठाल्या रांगोळ्या, त्या चुकवत आम्ही धावत होतो. गॅलऱ्यांतून लोक ओरडत होते. पाचशे माणसं तरी असावीत, बहुतेक आसपासचीच. परळवरून वळलो तेव्हा माझा श्वास लागला. चिंचपोकळीशी पोचेपर्यंत बरगडीखाली कळ यायला लागली. घोडपदेवच्या वळणावर मी कमरेवर हात ठेवून चक्क चालायला लागले. मैत्रीण माझ्यासाठी हळू झाली, पण ती पुन्हा पुन्हा मागे बघत होती.

"कोण येतंय?" मी विचारलं.

"कोणी नाही. ज्येष्ठांची दौड इथून आपल्यात मिळते. त्यांना तीनच किलोमीटर असतात, ते उशिरा सुटतात."

तेवढ्यात मागून आवाज आला, "बाजू द्या गो पोरींनो."

मी सवयीने बाजूला सरकले. एक बाई माझ्या खांद्याला जवळजवळ घासून पुढे गेली. निळा पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला गच्च बांधलेली, पांढरे बूट, पाठीवर नंबर. केसांची घट्ट वेणी. मी तिच्या पाठीकडे बघत होते आणि मनात आलं, हा ड्रेस मी घेतलाय. हिंदमाताच्या कापडबाजारात, गेल्या गणपतीत. आईला घेतला होता आणि तिने एकदाही घातला नव्हता.

तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. ड्रेस कोणाला तरी दिला असेल, एवढंच मी म्हटलं. मग त्या बाईने वळणावर मान जराशी फिरवली.

माझे पाय थांबले. खरंच थांबले, मागचा एक माणूस माझ्यावर आदळला आणि "ओ ताई!" म्हणून ओरडला. आणि त्या क्षणी मला पहिली काळजी कसली वाटली, तर खोलीला कुलूप कोणी लावलं. आई साठ-सत्तर पावलं पुढे गेली होती आणि मी रस्त्याच्या मधोमध उभी राहून कुलपाचा विचार करत होते.

"ती आई होती," मी म्हणाले.

मैत्रीण माझ्याजवळ येऊन थांबली.

"अगं, ती आई होती! आई धावतेय!"

"हो."

तिच्या त्या 'हो'ने मला दुसरा धक्का बसला. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. ती बुटाच्या नाड्यांकडे बघत होती.

"तुला माहीत होतं?"

"मीच शिकवलंय," ती म्हणाली. "गेल्या दिवाळीनंतर सुरू केलं. रोज साडेपाचला मैदानात. आधी दोन महिने नुसतं चालणं, मग थोडं थोडं धावणं. डॉक्टरांना दोनदा दाखवलं, पट्ट्यावर चालवून हृदयाची तपासणी केली, सगळे कागद माझ्याकडे आहेत. काकींनी शपथ घातली होती, तुला सांगायचं नाही म्हणून."

वर्षभर. वर्षभरात आम्ही दोघी आठवड्यातून दोनदा तरी फोनवर बोललो होतो. आई कशी आहे, जेवते का, मी हिला विचारायचे आणि ही "मजेत आहेत" म्हणायची.

मी तिला तिथेच सोडलं. आईच्या मागे धावायला लागले. कळ कुठे गेली कळलंच नाही. घोडपदेवच्या चाळींमधून पुढे बघते तर गॅलरीतल्या बायका आईला हाका मारत होत्या. "काकी, भारी!" मासे घेऊन बसायला निघालेली एक कोळीण, जिच्याकडून आई वर्षानुवर्षं बोंबील घेते, टोपली खाली ठेवून टाळ्या वाजवत होती. मला बघून ती हसली. "आलीस काय? धर, धर तिला! गावत नाय ती आता!"

म्हणजे हिलाही माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

काळाचौकीच्या अलीकडे मी आईला गाठलं. तिचा चेहरा लाल झाला होता, पण श्वास एका लयीत चालला होता. माझाच घशात अडकत होता.

"आई! थांब! अगं काय करतेयस हे?"

तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"बोलू नको," ती म्हणाली. "दम जातो."

आणि ती पुढे निघून गेली. मी पन्नासएक पावलं तिच्या बरोबरीने राहण्याचा प्रयत्न केला. जमलं नाही. माझी आई, जिला मी मोरीत जाताना हात धरायचे, ती माझ्यापासून लांब लांब जात होती आणि मला तिला गाठता येत नव्हतं.

मी मैदानात पोचले तेव्हा ती स्टेजच्या पायरीवर बसून केळं खात होती. गळ्यात पदक. आजूबाजूला तिच्या वयाच्या चार-पाच बायका. मी सगळ्यांच्या देखत ओरडले. काय काय बोलले ते आता सगळं आठवत नाही. "तुला काही झालं असतं तर?" हे मात्र दोन-तीनदा म्हणाले. बायका उठून बाजूला गेल्या. मागून पोचलेली मैत्रीण तेवढी तिथेच उभी राहिली.

"माका काय होणा नाय," आई म्हणाली. मग केळ्याची साल नीट दुमडून तिने शेजारी ठेवली. "बस इथे. सांगायचंच होतं तुला कधीतरी."

तिने जे सांगितलं ते ऐकून मी खरी हादरले. धावण्याचं त्यापुढे काहीच नव्हतं.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या चाळीच्या मीटरच्या खोलीत शॉर्टसर्किट झालं होतं. दुपारची वेळ. जिन्यात धूर भरला, लोक ओरडत खाली पळाले. आई दुसऱ्या मजल्यावर. ती गॅलरीतून जिन्यापर्यंत गेली आणि तिथे तिचे पाय चालेनात. तीन पायऱ्या उतरली आणि बसली. उठताच येईना. लोक तिच्या बाजूने उतरत होते, धुरात कोणाला ती दिसतही नव्हती.

"तोंडावर पदर धरून बसून होते," ती म्हणाली. "किती वेळ ते देवाला माहीत. मग ही आली." तिने मैत्रिणीकडे बोट केलं. "हिने आणि हिच्या नवऱ्याने मला खुर्चीत घालून खाली आणलं. सगळी चाळ रस्त्यावर उभी. सगळे बघतायत. मी खुर्चीत."

आग लगेच विझली होती, कोणाला काही झालं नव्हतं. पुढच्या रविवारी मला जिन्याशी नवे मीटर दिसले होते, तेव्हा आई म्हणाली होती, जुने झाले म्हणून बदलले. त्याच संध्याकाळी मी नेहमीसारखा फोन केला असणार. गोळी घेतलीस का, विचारलं असणार. आणि तिने "घेतली" म्हटलं असणार.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला ठाण्याला नेलं असतंस. लिफ्टच्या घरात."

खरं होतं ते. त्याच रात्री नेलं असतं.

"बाबा गेल्यापासून तू मला नुसती बसवून ठेवलीस," ती म्हणाली. रागाने नाही म्हणाली. "हे करू नको, ते उचलू नको. पाय वापरायचेच नाहीत तर ते कशाला साथ देतील? दुसऱ्या दिवशी हिच्याकडे गेले. म्हटलं, मला जिना उतरता आला पाहिजे. एवढंच शिकव."

मला रडू आलं. तिने ओढणीच्या टोकाने माझं तोंड पुसलं, घामाने भिजलेल्या ओढणीने.

"अजून काही लपवलंयस?" मी विचारलं.

तिने थोडा विचार केला. "काल तू चार चकल्या खाल्ल्यास ना, त्या विकतच्या आहेत. दोन वर्षं झाली, मी घरी करत नाही. कोण बसणार त्या तेलासमोर?"

मैत्रीण हसली. मी नाही हसले. त्या दिवशी मी मैत्रिणीशी धड बोललेच नाही, आणि नंतरही महिनाभर नाही. आईवरचा राग लवकर गेला, तिच्यावरचा जाईना. तिने माझ्या आईला धुरातून बाहेर काढलं होतं, हे मला कळत होतं. पण ते मला तिच्या तोंडून कळलं नाही, हे डाचत राहिलं. शेवटी तीच एका संध्याकाळी ठाण्याला आली. दारातच म्हणाली, "काकींनी शपथ घातली नसती तरी मी सांगितलं नसतं. तू त्यांना नेलं असतंस आणि त्या तिकडे खचल्या असत्या. तुला राग धरायचा तर धर." मी तिला आत घेतलं. चहा झाला.

जानेवारीत एकदा दुपारी आईचा फोन आला. एरवी मीच करते.

"आज मैदानात पडले," ती म्हणाली. "दगड होता. कोपर सोललंय, बाकी ठीक आहे. डेटॉल लावलं."

माझ्या तोंडात सगळं आलं होतं. एक्स-रे, डॉक्टर, आता बंद कर हे, मी अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकते. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय," आई म्हणाली. "उठले आणि उरलेल्या दोन फेऱ्या मारल्या."