कडीजवळचं भोक

शेततळ्यात मासे सोडल्यापासून खाद्य टाकायला आमच्या मालकांना मध्यापर्यंत जावं लागतं. त्यासाठी त्यांनी बारामतीहून हवा भरायची प्लास्टिकची होडी आणली. पोहता येतं त्यांना. पण तळ्याला अंथरलेल्या प्लास्टिकच्या काळ्या कागदावर शेवाळ धरतं, आणि पाण्यात पडलेल्या माणसाचा पाय त्यावर ठरत नाही. पोहणारासुद्धा दमून बुडतो. माझ्या जिवाला तोच घोर.

तळं खोदताना घरात भांडण झालं होतं. थोरल्या जाऊबाईंना ते नकोच होतं. होडी आली तेव्हा त्या तिच्याभोवती फिरून फिरून बघत होत्या.

"लई देखणी हाय गं," म्हणाल्या.

ते कौतुक मला काही बरं वाटलं नाही.

पुढं एकदा मालक मधोमध असताना होडी पुढून मऊ पडली. वल्ही मारत ते कसेबसे काठाला आले आणि मी टाकलेला दोर धरून वर चढले. ते हसत होते. मला हसू आलं नाही. निरवांगीच्या सायकलवाल्यानं ट्यूबचं ठिगळ लावून दिलं, तेही सुटलं.

मालक म्हणाले, "ह्या मालाला सायकलचं सोल्युशन धरत न्हाय."

मला पटलं नाही. शनिवारी सकाळी जाऊबाईंना तळ्याकडून येताना मी बघितलं होतं. तिकडं त्यांचं काही काम नसतं. पोती शिवायचं दाभणही त्यांच्याच खोलीत असतं. मी कुणाला बोलले नाही, मला बोलायला जमतच नाही. पण त्यांच्या हातचं वाढून घ्यायचं मी टाळायला लागले.

म्हटलं, होडी मीच नीट करते. बारामतीच्या दुकानदारानं फोनवर सांगितलेली रीत मी ऐकून ठेवली होती. पुढच्या शनिवारी मुद्दाम तळ्यावर गेले. होडीत हवा भरली आणि सगळीकडं साबणाचा फेस फासला. पुढं दोर बांधायची कडी आहे, तिच्या खाली बुडबुडे आले. ठिगळ सुटलेलं जुनं भोक होतंच, त्याच्या शेजारी दुसरं नवं भोक होतं, सुईनं पाडल्यासारखं. काटा एकाच जागी दोनदा कसा घुसेल?

हवा सोडली. जागा पुसून वाळवली, पॉलिश पेपरनं घासली. होडीबरोबर आलेल्या तुकड्यातून दोन्ही भोकं झाकेल असं गोल ठिगळ कापलं, कारण कोपरा असला की तिथून उचकटतं. दोन्हीकडं गोंद लावला, तो चिकट झाल्यावर ठिगळ बसवलं आणि लाटण्यानं दाबलं. वर दगड ठेवत होते, तेवढ्यात जाऊबाई आल्या. मला बघून त्यांनी हात पदराखाली घेतला आणि मागं वळल्या.

"आक्का, थांबा. पदराखाली काय हाय?"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्यांनी हात पुढं केला. हातात लिंबू-मिरच्या होत्या, बारीक तारेत ओवलेल्या.

"भावजी हसत्यात म्हणून कडीच्या खाली बांधत हुते," त्या म्हणाल्या. "शुक्रवारी सांजचं जुनं सोडती, शनवारी नवं बांधती. लई खोल हाय गं पाणी."

मी दगड उचलून ठिगळ दाखवलं. मग तारेचं टोक दाखवलं. त्यांनी ते बोटाला टोचून बघितलं.

"आगं माझे आई! म्हंजी मीच बुडवत हुते व्हय?"

लगेच त्यांनीच तार काढून फेकली आणि लुगड्याच्या काठाचा दोरा ओढला.

"आता दोऱ्यात ओवती. पर तुझ्या नवऱ्याला सांगू नगंस, जलमभर चिडवंल."

मी सांगितलं नाही. ठिगळ एक दिवस दाबून ठेवलं, ते अजून टिकून आहे. कडीखाली आता दोराच असतो, दर शनिवारी नवा. तरी मालक होडीत बसायच्या आधी मी कडीच्या खाली हात घालते आणि बोट फिरवून बघते. जाऊबाई काठावरून बघत असतात.

"हाय का गं काय?" त्या विचारतात.

"न्हाय," मी म्हणते, आणि पुन्हा एकदा बोट फिरवते.