संत अंतोनीला नाव सांगावं लागतं

पहाटे दरीत धुकं असं साचलं होतं, की खालच्या चर्चची घंटा पाण्याखाली वाजतेय असं वाटावं. दिओलिंदा कंबरेला गोणपाट बांधून वाळक्या फाट्यांच्या मोळ्या ताडपत्रीखाली सरकवत होती. उद्या गावभट्टी पेटवायची पाळी तिच्या घरची. फाटी दवानं भिजली तर भट्टी धुमसते, भट्टी धुमसली की पाव खाली करपतो नि वर कच्चा राहतो, आणि मग आठवडाभर सगळं गाव तोच पाव चावत तिच्या नावानं बोटं मोडतं. कोंबड्यांना मका टाकून ती आत आली, तर नवरा खाटेवर बसलेला. अंगात रविवारचा कोट, पायात एकच बूट.

"दुसरा कुठाय?"

"दुसरा काय?" अदेरितो म्हणाला.

बूट चुलीमागच्या लाकडांत सापडला. तिनं तो त्याच्या पायात चढवला, नाडीला दुहेरी गाठ मारली.

वर्षभर हे असंच चाललं होतं. ईस्टरच्या आदल्या दिवशी शेळ्या शोधून आणतो म्हणून तो निघाला. शेळ्या विकून कैक वर्षं झालेली. संध्याकाळी पडक्या गिरणीत सापडला, गुडघाभर पाण्यात. लक्झेंबर्गला साफसफाईच्या कामावर असलेली त्यांची पोरगी नतेर्सिया फोनवर रडली, आणि रडून झाल्यावर म्हणाली, "आई, पुन्हा एकदा जरी हरवला, तर ऑगस्टात आले की मी त्याला तालुक्याच्या वृद्धाश्रमात ठेवणार. तुझं एक ऐकायची न्हाई." त्या आश्रमात कामाला होती ग्रासा, नतेर्सियाची बालमैत्रीण. आणि आज पोर्तो शहराला निघालेल्या गावच्या सहलीत ग्रासाही होती.

न जावं, तर चाळीस वर्षांत कधी सहल न चुकवलेलं जोडपं का आलं नाही, हा प्रश्न दारोदार फिरला असता. शिवाय अदेरितोनं पोर्तोत शिपाईगिरी केलेली. महिनाभर त्याचं एकच पालुपद, "नदी बघायचीय." म्हणून दिओलिंदानं मनाशी ठरवलं, एक दिवस. सावलीसारखं चिकटून राहायचं आणि एक दिवस रेटून न्यायचा.

बसच्या पायरीवर सगळ्यांना पिवळ्या टोप्या मिळाल्या. टोपी म्हणजे हजेरी. ड्रायव्हर माणसं नाही, टोप्या मोजायचा. दिओलिंदाला बरं वाटलं. शंभर पावलांवरूनही ओळखू येईल असा तो भडक पिवळा.

पोर्तोत ऊन लख्ख होतं. स्टेशनातल्या निळ्या फरश्यांच्या भिंती बघत मंडळी माना वर करून उभी राहिली, तिथून रमतगमत कॅथीड्रलकडे, तिथून जिने उतरून नदीकाठी. कुणी कॉफी घेतली, कुणी पाय सोडून बसलं. कुणालाच घाई नव्हती. एकट्या दिओलिंदाचा जीव टांगणीला. डोळे त्या टोपीवर आणि कान ग्रासाकडे.

ग्रासा आलीच. पोरगी गोड होती, तीच तर भीती.

"अदेरितोकाका, आज वार कोणता हो?"

दिओलिंदानं तोंड उघडलं, पण त्याआधी तोच म्हणाला, "फिरायचा वार. तुला ठाऊक न्हाई, तर आलीस कशाला?"

बायका खिदळल्या. ग्रासाही हसली, पण तिची नजर त्याच्या बुटाच्या दुहेरी गाठीवर जाऊन थांबली. दिओलिंदानं नवऱ्याचा दंड धरून त्याला पुलाकडे वळवलं.

"लागतंय गं," तो कुजबुजला. "एवढं आवळू नको. मी काय गाढव हाय व्हय?"

"गाढव बरं. गाढव आपलं आपण घरी येतं."

तो मोठ्यानं हसला. त्याचं ते हसणं अजून पहिल्यासारखंच होतं.

जेवायला टेकडीवरच्या बागेत. सहली सगळ्या तिथंच टेकतात, झाडांची सावली आणि खाली नदी. गवतावर चादरी एकाला एक जोडून अंथरल्या गेल्या. मांस भरलेले पाव, कॉड माशाचे वडे, डुकराची धुरवलेली सॉसेजं, वेताच्या टोपलीतला वाईनचा बुधला. ज्यानं त्यानं आपलं मध्ये ठेवायचं आणि दुसऱ्याचं खायचं, ही रीत. बागेतले मोर चादरीच्या कडेनं भिकाऱ्यासारखे घुटमळत होते. पलीकडच्या झाडांखाली आणखी दोन गावांच्या सहली उतरल्या होत्या.

"मुतून येतो," अदेरितो उठला.

"चल, मी येते."

"बायकांच्या देखत तुम्ही त्याला धरून पण ठेवणार का, काकू?" कुणीतरी ओरडलं आणि चादरभर हशा पिकला. दिओलिंदाही हसली, बसली. संडास समोरच तर होता. तिनं टोपीवरची नजर काढली नाही. टोपी रांगेत उभी राहिली, आत गेली, बाहेर आली, नळावर वाकली, आणि चादरीकडे यायच्या ऐवजी कारंज्याकडे चालू लागली.

"बघ, निघालं माझं गाढव," ती सहज म्हणाल्यासारखं म्हणाली आणि मागं गेली. कारंज्यापाशी तिनं त्याची बाही ओढली.

"ए माणसा, इकडं कुठं?"

माणूस वळला. मिशीवाला, तांबड्या नाकाचा, कुणी परकाच. "काय बाई, ओळख हाय का आपली?"

मग तिला दिसलं. पलीकडच्या चादरीवर पिवळ्या टोप्या. त्याच्याही पलीकडे पिवळ्या टोप्या. तिन्ही गावांच्या बसगाड्या एकाच मालकाच्या आणि टोप्याही त्याच्याच. सकाळपासून ती माणूस नाही, टोपी सांभाळत आली होती.

ती पळाली नाही. पळणारी बाई ग्रासाला दिसली असती. शालीआड निखारा धरून चालावं तशी ती बागेतून चालली. संडासात डोकावली, कठड्यावरून खालच्या रस्त्यावर वाकून पाहिलं. खाली नदी चकाकत होती. नदी बघायचीय, नदी बघायचीय.

गावात शेळी हरवो, कानातलं हरवो, संत अंतोनीची आळवणी म्हणतात. एका दमात म्हणायची, न अडखळता. जीभ अडखळली की हरवलेलं गेलं समजायचं. दिओलिंदा एका झाडाला टेकली, डोळे मिटले, आणि चौथ्या ओळीला अडखळली. पुन्हा म्हटलं, पुन्हा तिथंच. आता तिसऱ्यांदा म्हणायची तिची छाती नव्हती.

गावात ही आळवणी अडखळल्याशिवाय म्हणणारं तोंड एकच, झुल्मिरामावशीचं. तेच तोंड गावच्या भानगडी गिरणीपलीकडे पोचवणारं. ग्रासा तिची सख्खी भाची. आणि आळवणी म्हणणारीला काय हरवलंय ते नाव घेऊन सांगावं लागतं. नुसतं 'काहीतरी' म्हणून संत हलत नाही.

मावशी बाकावर बसून बोटांनी माशाचे काटे वेचत होती.

"मावशी."

"तोंड का असं पांढरं तुझं?"

"आळवणी म्हणा."

"काय गेलं?"

दिओलिंदानं मागं पाहिलं. ग्रासा चादरीवर टरबूज कापत होती.

"काय गेलं ते बोल, बाई. चावी, पर्स, दात?"

"अदेरितो," ती म्हणाली. एकदा बोलल्यावर बाकीचं आपोआप बाहेर पडलं. "त्याला कळत न्हाई आता काही. बूट कळत न्हाई, कधी कधी मीही कळत न्हाई. सापडू दे फक्त. मग गावभर सांगा."

मावशीनं झग्याला बोटं पुसली. उभी राहिली, क्रूस केला, आणि ओठ हलवू लागली. दिओलिंदा त्या ओठांकडे बघत राहिली. मधेच डोक्यावरच्या फांदीतून मोर असा किंचाळला, की बाजूच्या बाकावरचं पोर रडायला लागलं. मावशीच्या एका डोळ्याची पापणी उडाली. ओठ थांबले नाहीत. चौथी ओळ गेली. शेवटची गेली.

"न्हाई अडखळले," ती श्वास सोडत म्हणाली. "आता संत आपलं काम करंल, आपण आपलं करू. तो उपाशी होता का जेवलेला?"

"उपाशी. नुसता वडा खाल्ला होता."

"मग नदीवर कशाला जाईल? भुकेला माणूस चादरीवर जातो. चल."

पलीकडच्या चादरीवरच्या बायका सामान गुंडाळत होत्या. "उंच म्हातारा? मोठ्यानं हसणारा?" एकजण म्हणाली. "होता की! आमच्यातच जेवला, दोन ग्लास घेतले. आमच्याकडच्या कुणाचा तरी पाहुणा असंल म्हटलं. जेवत्या माणसाला तू कोण असं विचारतात व्हय?"

"आता कुठाय?"

"आमची पहिली बस भरली न्हवं, टोप्यांबरोबर तोही चढला असंल. लांबचा पल्ला, ती निघाली."

आता मात्र दिओलिंदा पळाली. मावशी गुडघे धरून मागून शिव्या देत येत होती, कुणाला ते तिचं तिला ठाऊक. फाटकाबाहेर बस थरथरत उभी होती, दार मिटत आलेलं. दिओलिंदानं काचेवर दोन्ही तळहात आपटले.

"काय बाई, फोडता का?" ड्रायव्हर म्हणाला. "टोप्या बरोबर भरल्यात माझ्या."

"एक टोपी माझी हाय त्यात!"

दार उघडताच ती आत शिरली. अदेरितो मधल्या खिडकीशी बसला होता, मांडीवर कुणीतरी दिलेला पावाचा तुकडा. तांबड्या नाकाचा तो मिशीवाला मागून धापा टाकत आला आणि पायरीवरच अडला. "अरे, मी खाली असताना बस भरली कशी?"

"ए माणसा, ऊठ," दिओलिंदा म्हणाली.

अदेरितोनं तिच्याकडे पाहिलं. भल्या घरच्या परक्या बाईकडे पाहावं तसं, अदबीनं. "माफ करा हं, मी घरी चाललोय. माझी बायको वाट बघत असंल."

नाव सांगून उपयोग नव्हता, रडून तर नाहीच. दंड धरून ओढलं तर तो आणखी बावचळला असता. तिच्या तोंडून भलतंच निघालं.

"उद्या भट्टीची पाळी आपली हाय. फाटी भिजंल."

त्याच्या कपाळावर आठी पडली. "झाकली न्हाईस?"

"ताडपत्री टाकलीय. पण वरच्या कोपऱ्याला दगड ठेवायचा राहिला."

"वारा त्याच कोपऱ्यानं येतो," तो वैतागून उठला. "किती वेळा सांगितलं. चल, चल."

तो उतरला. मिशीवाला चढला. बस गेली.

परतीच्या वाटेवर ग्रासा पुढच्या सीटवरून वळली. "अदेरितोकाका बराच वेळ दिसले न्हाईत मघाशी?"

मावशीनं डोळे न उघडता उत्तर दिलं. "मुतायला गेला होता. आता म्हाताऱ्यानं मुतायला तुझ्या आश्रमाची परवानगी काढायची का?"

बसमधले गडी हसले. ग्रासा लाल झाली, पुढं वळली. जरा वेळानं मावशी दिओलिंदाच्या कानाशी वाकली. "आळवणीत सांगितलेलं नाव मी बाहेर काढत न्हाई. काढलं तर पुढची आळवणी लागत न्हाई. पण तू पोरीला सांग. ऑगस्टाच्या आधी. तुझ्या तोंडानं."

"मग ती त्याला ठेवील तिकडं."

"ठेवील म्हणंल. तेव्हा तिला सांग, त्याच्यावर लक्ष ठेवायला आता दोन बाया हाईत." आणि मावशी घोरायला लागली, खरंच की खोटं ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी पुन्हा धुकं होतं. ताडपत्रीच्या वरच्या कोपऱ्यावर दगड होता. अदेरितोनं रात्री आल्या आल्या आपल्या हातानं ठेवलेला. भट्टीच्या दाराशी तो बसला होता आणि एकेक फाटी अशी बेतानं आत सारत होता, की ज्वाळेचा आवाज एकदाही बदलला नाही. पोर्तोला गेल्याचं त्याला आठवत नव्हतं.

झुल्मिरामावशी रिकाम्या हातानं आली. "माझी चाळण तुझ्याकडं राहिली का?"

दिओलिंदाकडे तिची कसलीही चाळण नव्हती. "बघते. बसा तोवर."

मावशी अदेरितोशेजारच्या दगडावर टेकली आणि फाटी कशी चुकीची सारतोयस म्हणून त्याच्याशी भांडू लागली. तो जोरात भांडत होता. दिओलिंदानं नतेर्सियाला फोन करायला खिशात हात घातला, मोबाईल चाचपला. तिकडं पोरगी आता कामावर असणार. दुपारची सुट्टी झाली की लावायचा, तिनं ठरवलं. तिनं केरसुणी बादलीत बुडवली, झटकली, आणि भट्टीच्या तोंडाशी आलेली राख ओढायला वाकली.